वापरलेल्या मल्टिमीटरची खरेदीपूर्व तपासणी

वापरलेल्या मल्टिमीटरची खरेदीपूर्व तपासणी म्हणजे विद्युतदाब, विद्युतप्रवाह आणि रोध मोजणारे हे उपकरण दुसऱ्याच्या हातून विकत घेण्याआधी त्याची सुरक्षितता, चालू स्थिती व अचूकता पारखण्याची पद्धत होय. वायरमन, यंत्रमाग दुरुस्त करणारे कारागीर, रेडिओ-दूरदर्शन संच दुरुस्त करणारे व्यावसायिक आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थी यांना या तपासणीची विशेष गरज पडते. मीटरच्या मोजमापात एखाद्या टक्क्याची तफावत असली तर ती ध्यानात घेऊन काम चालवता येते. जिवंत तारेवर शून्य दाखवणारा मीटर मात्र कारागिराला त्या तारेला हात लावण्यास प्रवृत्त करतो. म्हणून या तपासणीत सुरक्षिततेचा क्रम पहिला आणि अचूकतेचा त्यानंतरचा मानला जातो.

पार्श्वभूमी

एकाच उपकरणाने अनेक विद्युत राशी मोजण्याची सोय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी याच्या कल्पनेतून साकारलेला अ‍ॅव्होमीटर १९२३ साली बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट व ओहम या एककांच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले. पुढे अनेक दशके काट्याचे मीटर प्रचारात राहिले व नंतर अंकदर्शी म्हणजे डिजिटल मीटरांनी त्यांची जागा घेतली. महाराष्ट्रात नाशिक येथील मोटवाने व रिशभ आणि नवी मुंबईतील मेको या कंपन्या विद्युत मापन उपकरणांच्या निर्मितीसाठी ओळखल्या जातात.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे देशातील यंत्रमागांच्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. महावितरणने भिवंडी परिमंडळातील वीज वितरणाचे काम फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवर या कंपनीकडे सोपवले व २६ जानेवारी २००७ पासून ते सुरू झाले. मीटरच्या पुढची, कारखान्याच्या आतील वायरिंग, स्टार्टर आणि मोटारी यांची देखभाल मात्र कारखानदाराची असते. ती प्रत्यक्षात स्थानिक वायरमन व कारागीर करतात. मागांच्या मोटारी सामान्यतः त्रिकला म्हणजे थ्री फेज पुरवठ्यावर चालतात. भारतात या पुरवठ्याचा नाममात्र विद्युतदाब फेज व न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट आणि दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतो. अशा ठिकाणी वापरल्या गेलेल्या मीटरांत सुताचे तंतू, तेलकट धूळ आणि पावसाळ्यातील दमटपणा शिरलेला असण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे यंत्रमागाच्या शेडमधून आलेला मीटर बाहेरून स्वच्छ दिसला तरी तो आतून पाहणे आवश्यक ठरते.

जुने मीटर भंगार विक्रेते, दुरुस्तीची दुकाने, बंद पडलेल्या कारखान्यांचे लिलाव आणि शहरांतील जुने बाजार यांतून मिळतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. भेंडी बाजारालगतचा चोर बाजार आणि बुधवारी व रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार हेही वापरलेल्या वस्तूंसाठी ओळखले जातात.

तपासणीचे साहित्य

तपासणीसाठी पुढील वस्तू पुरेशा होतात व त्या एका लहान पिशवीत मावतात:

• मीटरला लागणारी नवी बॅटरी, बहुधा ९ व्होल्टची चौकोनी किंवा दीड व्होल्टचे दोन सेल
• न वापरलेला दीड व्होल्टचा सेल
• १०० ओहम, १ किलोओहम, १० किलोओहम आणि १ मेगाओहमचे, एक टक्का सह्यतेचे रोधक
• एक सिलिकॉन डायोड
• लहान स्क्रू ड्रायव्हर
• ज्याच्यावर विश्वास ठेवता येईल असा दुसरा मीटर
• लीडची एक चांगली जोडी

स्वतःची नवी बॅटरी नेण्याला विशेष महत्त्व आहे. बॅटरी उतरलेली असताना अनेक डिजिटल मीटर चुकीचे वाचन दाखवतात. विक्रेत्याच्या जुन्या बॅटरीवर मीटर पारखल्यास दोष मीटरचा की बॅटरीचा, हे कळत नाही.

बाह्य निरीक्षण

मीटरच्या कवचाला तडा आहे काय, मागील स्क्रू सर्व आहेत काय आणि बॅटरीचे झाकण घट्ट बसते काय, हे प्रथम पाहतात. कवच हेच वापरणाऱ्याचा हात आणि आतील विद्युतभारित भाग यांमधील संरक्षण असते. म्हणून चिकटपट्टीने जोडलेले कवच हा केवळ दिसण्यातला दोष मानला जात नाही. जॅकच्या तोंडाशी काळेपणा, वितळलेले प्लास्टिक किंवा जळका वास आढळल्यास मीटरमधून कधीतरी मोठा प्रवाह गेला असल्याचे सूचित होते.

लीडचे आवरण पूर्ण लांबीभर बोटांनी चाचपून पाहतात. प्लगजवळ आणि प्रोबच्या मुठीजवळ तार वारंवार वाकत असल्याने ती तेथेच आतून तुटते. तुटलेली लीड हे जिवंत तारेवर शून्य दिसण्याचे अगदी साधे व वारंवार आढळणारे कारण आहे. लीड बदलता येते. म्हणून खराब लीडमुळे मीटर नाकारण्याचे कारण नसते, मात्र नव्या लीडची किंमत सौद्यात धरावी लागते.

बॅटरी व फ्यूज

मागचे झाकण काढण्याआधी दोन्ही लीड मीटरपासून वेगळ्या करतात. अल्कलाइन सेल दीर्घकाळ आत राहून झिरपले असल्यास संपर्कपट्ट्यांवर पांढरी किंवा हिरवट पुटे दिसतात. हा थर पट्ट्यांपुरता मर्यादित असल्यास साफ करता येतो. तो मुद्रित परिपथाच्या पट्टीवर पसरला असल्यास बारीक तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेलेल्या असतात आणि असा मीटर भरवशाचा राहत नाही.

यानंतर फ्यूज पाहतात. प्रवाह मोजताना मीटर परिपथात मालिकेने जोडला जातो व त्याचा स्वतःचा रोध अत्यल्प असतो. लाल लीड चुकून १० अँपिअरच्या जॅकमध्ये राहिली आणि प्रोब दोन फेजना लावले, तर मीटर म्हणजे थेट शॉर्ट सर्किट होते. त्या क्षणी प्रवाह तोडण्याचे काम फ्यूजचे असते. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला, उच्च विच्छेदन क्षमतेचा चिनी मातीचा फ्यूज असतो. तो जळाल्यावर त्याच्या जागी साधा काचेचा फ्यूज, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी कागदपट्टी बसवलेली आढळते. असा मीटर सर्व चाचण्यांत बरोबर वाचन देतो, पण चुकीच्या क्षणी ठिणगीचा लोळ हातातच उठू शकतो.

ज्या मीटरला प्रवाहासाठी स्वतंत्र जॅक असतात, त्यांतील बहुतेकांत रोधाच्या पल्ल्यावर लाल प्रोब प्रवाहाच्या जॅकमध्ये टेकवून फ्यूज शाबूत आहे की नाही हे झाकण न उघडता कळते. अँपिअरच्या जॅकवर एक ओहमपेक्षा कमी, तर मिलिअँपिअरच्या जॅकवर मॉडेलनुसार काही ओहमपासून सुमारे एक किलोओहमपर्यंत वाचन येते. फ्यूज जळालेला असल्यास पल्ल्याबाहेरची खूण दिसते. या चाचणीत तार आणि फ्यूज यांतील फरक मात्र ओळखता येत नाही. त्यासाठी झाकण उघडून डोळ्यांनीच पाहावे लागते. काही स्वस्त मीटरांत १० अँपिअरच्या जॅकला फ्यूजच नसतो आणि तसे दर्शनी भागावर छापलेलेही असते.

सुरक्षा श्रेणी

आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या आयईसी ६१०१० या मानकात मोजमापाच्या जागेनुसार श्रेणी ठरवल्या आहेत. कॅट २ ही श्रेणी प्लग पॉइंटला जोडलेल्या उपकरणांसाठी, कॅट ३ इमारतीतील कायम वायरिंग व वितरण फलकांसाठी आणि कॅट ४ वीजपुरवठा इमारतीत शिरतो त्या जागेसाठी असते. वीज पडणे किंवा मोठी मोटार बंद होणे यांमुळे तारांत क्षणभर हजारो व्होल्टचा दाब उसळतो. ६०० व्होल्ट कॅट २ चा मीटर ४,००० व्होल्टच्या, तर ६०० व्होल्ट कॅट ३ चा मीटर ६,००० व्होल्टच्या उसळीस टिकणे अपेक्षित असते. यंत्रमागाच्या मुख्य फलकावर काम करण्यासाठी ६०० व्होल्ट कॅट ३ ही किमान श्रेणी योग्य ठरते. लीडवरही श्रेणी छापलेली असते आणि मीटर व लीड यांपैकी जी श्रेणी कमी, तीच संपूर्ण जोडीची मानली जाते.

छापील श्रेणी हा पुरावा नव्हे. अतिस्वस्त व बनावट मीटरांवर कोणतीही श्रेणी छापलेली असू शकते. झाकण उघडल्यावर जॅकजवळ संरक्षक घटक बसवलेले आहेत काय, फ्यूज योग्य आकाराचे आहेत काय आणि जॅकमागील तांब्याच्या पट्ट्यांत पुरेसे अंतर आहे काय, यांवरून छापील दाव्याची कल्पना येते. असा मीटर खेळण्यातील मोटारी, सेल आणि कमी दाबाच्या परिपथांवर निर्धोकपणे वापरता येतो. थ्री फेज फलकावर त्याचा वापर टाळतात.

मुख्य वीजपुरवठ्याविना करावयाच्या चाचण्या

दर्शनपटल: मीटर चालू करताना क्षणभर सर्व खंड उजळत असल्यास ते नीट पाहतात. अंकाचा मधला खंड गेलेला असेल तर ८ चा आकडा ० असा दिसतो आणि १८० व्होल्ट १०० म्हणून वाचले जातात. पटल व परिपथ यांमधील वाहक रबराची पट्टी साफ केल्याने हा दोष पुष्कळदा दूर होतो.

होल्ड बटण: हे बटण अडकलेले असल्यास पटलावर आधीचेच वाचन गोठून राहते. गोठलेले वाचन शून्य असेल तर धोका उघड आहे. बटण दाबून सोडल्यावर वाचन पुन्हा बदलू लागते, याची खात्री करतात.

रोध व सातत्य: रोधाच्या सर्वांत खालच्या पल्ल्यावर प्रोबची टोके एकमेकांस टेकवल्यास साधारणतः ०.१ ते ०.५ ओहम दिसते. या स्थितीत लीड ठिकठिकाणी वाकवतात व जॅकमधील प्लग हलवतात. वाचन उड्या मारू लागल्यास लीड किंवा जॅक सैल आहे. टोके सुटी असताना पल्ल्याबाहेरची खूण दिसली पाहिजे. त्यानंतर सोबत नेलेले रोधक मोजतात. १ मेगाओहमचा रोधक ठळकपणे कमी भरल्यास आत ओल किंवा घाण असण्याचा संभव असतो. मोजताना दोन्ही टोके बोटांनी धरल्यास शरीराचा रोध समांतर जोडला जातो व वाचन कमी येते, हा मीटरचा दोष नसतो. सातत्य चाचणीतील आवाज टोके टेकताच यावा आणि सोडताच थांबावा.

डायोड: सिलिकॉन डायोड एका दिशेने सुमारे ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो व उलट दिशेने पल्ल्याबाहेरची खूण देतो.

सिलेक्टर स्विच: प्रत्येक स्थानावर स्विच हलकेच डावी-उजवीकडे दाबून पाहतात. वाचन बदलल्यास संपर्क झिजलेले किंवा तेलकट धुळीने माखलेले असतात. दुरुस्तीनंतर स्विचची मूठ एक घर सरकवून बसवलेली असल्यास खूण एका पल्ल्यावर आणि प्रत्यक्ष जोडणी दुसऱ्यावर, असा प्रकार घडतो. एकदिश दाबाच्या पल्ल्यावर राहिलेला मीटर घरगुती प्रत्यावर्ती पुरवठ्यावर जवळजवळ शून्य दाखवतो. म्हणून मुठीची प्रत्येक खूण त्या त्या मोजमापाशी जुळते की नाही, हे ताडून पाहणे आवश्यक असते.

डिजिटल मीटरच्या मिलिव्होल्ट पल्ल्यावर सुट्या लीड हवेत असताना आकडे भटकतात. उच्च अंतर्रोधामुळे आसपासच्या तारांचा परिणाम त्यावर होतो. अनेक ग्राहक याला बिघाड समजतात, परंतु टोके एकमेकांस टेकवताच वाचन शून्यावर येत असेल तर मीटर ठीक असतो.

विद्युतदाब व प्रवाहाच्या चाचण्या

नव्या अल्कलाइन सेलचा दाब साधारण १.५ ते १.६ व्होल्ट भरतो. तोच सेल २, २० आणि २०० व्होल्टच्या पल्ल्यांवर मोजल्यास दशांश स्थळांचा फरक सोडता वाचने जुळली पाहिजेत. एकच पल्ला वेगळे वाचन देत असेल, तर आतील विभाजक रोधकांपैकी एखादा बिघडलेला असतो. प्रोब उलटे लावल्यास ऋण चिन्हासह तेच वाचन यावे.

प्रवाहाच्या चाचणीसाठी ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रोधक व मीटर मालिकेने जोडतात. ओहमच्या नियमानुसार सुमारे ९ मिलिअँपिअर प्रवाह अपेक्षित असतो. मीटरच्या स्वतःच्या रोधामुळे तो किंचित कमी भरतो. ही चाचणी संपताच लाल लीड पुन्हा व्होल्टच्या जॅकमध्ये ठेवणे अत्यावश्यक आहे.

मुख्य पुरवठ्यावरील चाचणी सर्वांत शेवटी, आणि आधीच्या सर्व चाचण्यांत मीटर उतरला असेल तरच केली जाते. फेज व न्यूट्रल यांमधील दाब दोन्ही मीटरांनी एकाच वेळी किंवा लागोपाठ मोजतात. पुरवठ्याचा दाब दिवसभर कमी-अधिक होत असल्याने २३० या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा दुसऱ्या मीटरशी केलेली तुलना अधिक उपयोगी पडते.

इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवलेल्या मोटारींवर काम करावयाचे असल्यास मीटर ट्रू आरएमएस प्रकारचा आहे काय, हे पाहतात. साधा मीटर सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतो. हे गुणोत्तर केवळ शुद्ध ज्या-तरंगासाठी खरे असते. चौकोनी तरंगावर असा मीटर सुमारे ११ टक्के जास्त वाचन देतो.

अचूकतेचा हिशेब

मीटरची अचूकता ‘वाचनाचे अमुक टक्के अधिक अमुक अंक’ अशा रीतीने सांगितली जाते. साडेतीन अंकी मीटरची अचूकता २० व्होल्टच्या पल्ल्यावर ०.५ टक्के अधिक २ अंक अशी असेल, तर ९.०० व्होल्ट मोजताना ०.०४५ व्होल्ट आणि ०.०२ व्होल्ट मिळून ०.०६५ व्होल्टची चूक ग्राह्य ठरते. म्हणजे ८.९४ ते ९.०६ यांमधील कोणतेही वाचन योग्य होय. तुलनेच्या मीटरलाही स्वतःची चूक असते. त्यामुळे दोन मीटरांतील अल्प फरकावरून जुना मीटर बिघडला आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. फरक दोन्हींच्या ग्राह्य चुकांच्या बेरजेपेक्षा जास्त असल्यासच तो विचारात घेतात.

काट्याचे मीटर

काट्याच्या मीटरमध्ये काटा व चुंबकातील फिरते वेटोळे हा सर्वांत नाजूक भाग असतो. मीटर आडवा, उभा व तिरका धरल्यावर काटा शून्यापासून फारसा हलू नये. तो शून्यावर नसल्यास दर्शनी भागावरील लहान स्क्रूने आणता आला पाहिजे. हळूहळू वाढणारा दाब दिल्यास काटा मध्येच अडकू नये.

रोधाच्या प्रत्येक पल्ल्यावर टोके टेकवून बटणाने काटा शून्य ओहमवर आणतात. लहान पल्ल्यावर तो शून्यापर्यंत न पोहोचल्यास बहुधा दीड व्होल्टचा सेल उतरलेला असतो, तर केवळ सर्वांत मोठ्या पल्ल्यावर न पोहोचल्यास जास्त दाबाची बॅटरी. काही जुन्या मॉडेलांना लागणारी २२.५ व्होल्टची बॅटरी सहज मिळत नाही, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे लागते. अशा मीटरांत रोध मोजताना काळा प्रोब धन असतो. त्यामुळे डायोड डिजिटल मीटरच्या उलट दिशेने वाचन देतो, तो बिघाड नव्हे.

खरेदीचा निर्णय

जळालेले जॅक, परिपथावर पसरलेला सेलचा झिरपा, फुटलेले कवच, स्थान बदलताच वाचन गमावणारा स्विच आणि बनावटीची स्पष्ट चिन्हे आढळल्यास मीटर कोणत्याही भावात घेतला जात नाही. जळालेला फ्यूज, खराब लीड, मळलेले संपर्क आणि गेलेला पटलखंड हे दुरुस्त होण्याजोगे दोष असून त्यांच्या खर्चाइतका भाव कमी करून घेतला जातो. मूळ दर्जाचा उच्च विच्छेदन क्षमतेचा फ्यूज महाग असतो. स्वस्त मीटरच्या बाबतीत त्याची किंमत नव्या मीटरएवढी होऊ शकते.

विक्रेत्याकडून पावती घेणे इष्ट असते. चोरीचा माल असल्याचे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. कारखान्याचे नाव कोरलेला किंवा अनुक्रमांक खरवडलेला मीटर म्हणूनच टाळला जातो.

खरेदीनंतर

मीटरवरील जुनी अंशशोधनाची चिठ्ठी तो त्या तारखेला बरोबर होता, एवढेच सांगते. व्यावसायिक कामासाठी नव्याने अंशशोधन करून घेता येते. मुंबईत चुनाभट्टी येथील विद्युत मापन उपकरण अभिकल्प संस्था, अर्थात आयडेमी, तसेच एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा हे काम करतात.

तपासून घेतलेला मीटरही पुढे केव्हाही बिघडू शकतो. यासाठी तारेला हात लावण्यापूर्वी तीन टप्प्यांची पडताळणी केली जाते. प्रथम चालू असल्याचे निश्चित माहीत असलेल्या ठिकाणी मीटर दाब दाखवतो हे पाहतात. त्यानंतर बंद केलेला परिपथ मोजतात. शेवटी पुन्हा पहिल्या ठिकाणी मोजून मीटर अद्याप चालू असल्याची खात्री करतात. तिसरा टप्पा गाळल्यास दुसऱ्या टप्प्यातील शून्य हे परिपथाचे की मधल्या काळात बंद पडलेल्या मीटरचे, हे ठरवता येत नाही. नव्या मीटरसाठीही ही पद्धत लागू आहे, परंतु पूर्वेतिहास माहीत नसलेल्या जुन्या मीटरच्या बाबतीत ती कधीही वगळली जात नाही.

हेही पाहा

• ओहमचा नियम
• गॅल्व्हानोमीटर
• यंत्रमाग
• भिवंडी